तिकडून चढ हाय

बस सोडायच्या आधी आप्पा मान वर करून डोक्यावरच्या आरशात बघायचे, मग खिडकीबाहेरच्या आरशात, मग पुन्हा आतल्या. एक पाय क्लचवर, एक हात गिअरवर. आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "कोन यायचं ऱ्हायलंय?"

आम्ही अर्धवट झोपेतले पन्नासेक जण एका सुरात उत्तर द्यायचो, "समदी आली आप्पा, हाना!"

हे झाल्याशिवाय त्यांनी शिरूरचा स्टॉप कधी सोडला नाही. तुम्ही कधी कंपनीच्या बसने शिफ्टला गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, ड्रायव्हर म्हणजे घड्याळाचा नोकर. वेळ झाली की दार बंद, मागून कोणी बोंबलत येवो. आप्पांचं उलटं होतं. आम्ही "हाना" म्हटलं तरी त्यांचा एक डोळा आरशातच असायचा. आरशात कोणी डब्याची पिशवी छातीशी धरून पळताना दिसलं की गाडी पुन्हा न्यूट्रलला यायची. बसमध्ये चुळबुळ झाली तर म्हणायचे, "येऊ द्या की. गॅस संपला आसंल त्याच्या घरी. तुमचा काय कवा संपत न्हाई?"

मी रांजणगावला एका कंपनीत स्टोअरमध्ये होतो. आप्पा कोणालाच नावाने हाक मारत नसत, खात्यावरून मारत. मी स्टोअरवाले. बाकीचे ओ पेंटशॉप, ओ कँटीन. एकदा एच. आर.च्या साहेबांची गाडी बंद पडली म्हणून ते आमच्या बसमध्ये चढले, तर आप्पा त्यांना म्हणाले, "ओ हजेरी, जरा आत सरका." साहेब मुकाट्याने सरकले.

शिरूरला आमची घरं एका गल्लीच्या अंतरावर. आप्पांचं घर बुद्धविहाराच्या मागे. घरात माई आणि एकुलती एक लेक, सुजाता. माई दौंडच्या, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या. त्यामुळे घरात बस मोठी की रेल्वे मोठी, हे भांडण कायम चालू. रविवारी आप्पा बस धुवायला घराजवळ आणत. धुऊन झाली की सुजाता इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून बसायची. आप्पा रिकाम्या बसला विचारायचे, "कोन यायचं ऱ्हायलंय?" आणि ती एकटी पन्नास जणांच्या वतीने ओरडायची, "समदी आली आप्पा, हाना!" मग बस वस्तीला एक चक्कर मारायची. डिझेल कंपनीचं होतं, पण त्याबद्दल कोणी कधी चकार शब्द काढला नाही.

दसऱ्याच्या सुमाराला ही तिघं दीक्षाभूमीला नागपूरला जायची. गाडी दौंडवरूनच जायची, पण दौंडला पाय ठेवायला जागा नसते म्हणून मुद्दाम पुण्याला जाऊन बसायची. तुम्ही त्या गाडीने गेला असाल तर तुम्हालाही हे माहीत असेल: दौंडला इंजिन सुटतं, फिरून दुसऱ्या टोकाला लागतं, आणि गाडी आली त्याच तोंडाने बाहेर पडते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा सुजाता लहान होती. गाडी परत पुण्याला चालली म्हणून तिने डब्यात रडून गोंधळ घातला. आप्पांनी तिला खिडकीशी उभं केलं आणि समजावलं, "रडू नगं. गाडी तीच, रूळ त्येच. निस्तं तोंड फिरलंय." ही गोष्ट आप्पा इतक्या वेळा सांगायचे, की माई भांडी जोराने आदळायला लागायच्या.

सुजाता पुण्याला नर्सिंग शिकली. दोन वर्षं तिथेच नोकरी केली. मग एक दिवस आप्पांनी बसमध्ये जाहीर केलं, की पोरगी कॅनडाला चालली.

"गाव कुठलं, आप्पा?"

"येडमंटन."

बसमध्ये खसखस पिकली. मागून कोणीतरी म्हणालं, येड्यांचं गाव का? आप्पांनी आरशातून त्याला शोधून काढलं. "येड्यांचं न्हाई. येड्यांना तिथं व्हिसा देत न्हाईत. तू करून बघ अर्ज."

तिचं तिकीट त्यांच्या मोबाईलवर आलं होतं. रांजणगावच्या गेटवर सगळे उतरल्यावर त्यांनी मला थांबवून दाखवलं. मुंबईहून पहाटे निघणार आणि त्याच तारखेला दुपारी तिथे पोचणार. मधे कुठेतरी विमान बदलायचं. पहिल्या सुट्टीचं यायचं तिकीटही तिने घेऊन ठेवलं होतं. ते तिथून सोमवारी संध्याकाळी निघणार आणि मुंबईला बुधवारी पहाटे टेकणार. आप्पांनी दोन्ही तारखांवर बोट ठेवलं.

"बघितलं का स्टोअरवाले? जायला निस्ता अर्धा दिस. आन् यायला मंगळवार आख्खा खाऊन बुधवार."

मी म्हणालो, "आप्पा, घड्याळं वेगळी असतात. तिथे रात्र तेव्हा इथे दिवस."

"घड्याळ कुठलंबी आसू द्या. तारीख तर तीच हाय ना?" आणि क्षणभर विचार करून त्यांनी निकाल दिला, "तिकडून चढ हाय."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये यावर सभाच भरली. मेंटेनन्सच्या इंजिनिअरने डब्यातली मोसंबी काढली, तिची पृथ्वी केली, मोबाईलच्या बॅटरीचा सूर्य केला आणि आप्पांच्या खांद्यामागे उभं राहून ती फिरवून दाखवली. आप्पांनी आरशातून सगळं पाहून घेतलं. मग म्हणाले, "सायेब, मोसंबी खावा. मला येवढंच सांगा, शिरूरहून रांजणगावला जायला आन् रांजणगावहून शिरूरला यायला कवा सारखा येळ लागलाय? सारखा येळ लागतो आसा येक रस्ता दाखवा मला." आम्ही सगळेच त्या हायवेचे बळी.

मी मोबाईलवर शोधलं: पुणे ते एडमंटन अंतर किती. तिथे आलं, सरळ रेषेत बारा हजार किलोमीटरच्या आसपास, विमानाला चौदा-एक तास. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की असं सरळ जाणारं विमान नाहीच. अंतर आहे, वेळ आहे, फक्त विमान नाही. आणि नकाशावर ती सरळ रेषा पुण्यातून निघून वर, वर, थेट उत्तर ध्रुवाला घासून पलीकडे उतरत होती. माझी बुद्धी फिरली आणि मी ती आप्पांना दाखवली.

"बघा!" आप्पांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "पृथ्वीच्या डोस्क्यावरनं जावं लागतंय. चढ न्हाई तर काय हाय ह्ये?"

"मग जातानाही चढच झाला की," इंजिनिअर मोसंबी खाता खाता म्हणाला.

आप्पांनी गिअर बदलला. मग आरशात न बघताच म्हणाले, "जाताना पोरी उड्या मारत जात्यात, सायेब. त्यांला चढ कळत न्हाई."

इंजिनिअरने उरलेली मोसंबी डब्यात ठेवली.

पहिल्या सुट्टीला ती आली. पुढच्या वर्षी आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आपल्याकडे लोकांना दुसऱ्याची लेक किती दिवसांत आली नाही याचा हिशेब तोंडपाठ असतो. चहाच्या टपरीवर कोणी खवचटपणे विचारलं, "काय आप्पा, पोरगी गेली ती तिकडचीच झाली का?" की आप्पा कपातला चहा बशीत ओतत शांतपणे सांगायचे, "तिकडून चढ हाय, बाबा." विचारणारा आपला चहा संपवून उठायचा. मला वाटतं, तो चढ आप्पांनी मुद्दाम जपला होता. लेकीवर ठपका येण्यापेक्षा रस्त्यावर आलेला बरा.

माई वैशाखात गेल्या. सकाळी अंगण झाडताना बसल्या आणि आडव्या झाल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आपल्याकडे मयत झालं की एक प्रश्न ठरलेला असतो. तिरडीची तयारी चालू असते आणि कोणीतरी जाणता माणूस पुढे येऊन विचारतो, कोण यायचं राहिलंय? मुंबईची बहीण आहे, नगरचा भाऊ आहे, ते आले की उचलायचं. तेच त्या दिवशी आप्पांना विचारलं गेलं, त्यांचेच शब्द त्यांच्यापुढे. सुजाता फोनवर रडत होती, मी निघते म्हणत होती. आप्पा भिंतीला टेकून बोटांवर मोजत होते. तिकीट मिळायला एक दिवस. मग तो सोमवार, मंगळवार, बुधवार. मग मुंबई. मग आपला हायवे.

"पाचवा दिस उजाडंल," ते म्हणाले. "येवढ्या उन्हात माईला न्हाई ठेवायची. उचला."

मी म्हणालो, आप्पा, एवढे नाही लागणार. वस्तीतल्या दोघांनी सांगितलं, पुण्याहून मयत ठेवायची गार पेटी मागवू. आप्पांनी मान हलवली. "तिकडून चढ हाय," ते म्हणाले, आणि ते म्हणताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. दुपारच्या आत घोडनदीकाठी सगळं उरकलं.

सुजाता तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी होती.

मी तिथेच होतो. तिची बॅग अजून खांद्यावर, पायात बूट. तिने रिकाम्या खोलीकडे पाहिलं, माईंच्या फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, "आप्पा, थांबला का नाही?"

आप्पांनी त्यांचं ते वाक्य सांगितलं. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं तशी ती मटकन त्यांच्यापुढे बसली. मनगटातलं घड्याळ काढून फरशीवर ठेवलं. ते अजून तिकडचीच वेळ दाखवत होतं. आप्पांच्या हातातलं काढून शेजारी ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती लहान मुलाला समजावावं तसं हळू आवाजात बोलत होती. "आप्पा, दौंडला इंजिन फिरलं तेव्हा तुम्हीच मला सांगितलं होतं ना? गाडी तीच, रूळ तेच, नुसतं तोंड फिरलं. तसं हे घड्याळाचं तोंड फिरतं. जाताना काटे मागे करायचे, येताना पुढे. रस्ता तेवढाच आहे. जायला जेवढं लागतं तेवढंच यायला."

आप्पा त्या दोन घड्याळांकडे बघत राहिले. इंजिनिअरच्या मोसंबीने जे झालं नव्हतं ते दौंडच्या इंजिनाने झालं.

"म्हंजी चढ न्हाई?"

"नाही, आप्पा."

त्यांनी आपलं घड्याळ उचललं. पण हातात बांधलं नाही, खिशात टाकलं.

पंधरा दिवसांनी ती परत गेली. त्यानंतर एकदा मी शिफ्ट सुटल्यावर पुढच्या सीटवर बसलो होतो. कोंढापुरीच्या फाट्याकडून कंटेनरांची रांग लागली होती आणि बस जागची हलत नव्हती. आप्पा समोर बघत म्हणाले, "स्टोअरवाले, जलमभर येड्यागबाळ्यासाठी गाडी थांबवली. आन् माझ्या पोरीचीच सोडली."

पुन्हा कधी त्यांच्या तोंडून चढाचं नाव आलं नाही. टपरीवर कोणी विचारलं तर म्हणायचे, "रजा भेटत न्हाई तिला." ते खरंही होतं, तिचा फोन रोज यायचा हेही खरं होतं. पण चढ गेल्यापासून त्यांच्या उत्तरात जोर राहिला नव्हता. एवढा सपाट रस्ता झाला आणि तरी पोरगी येत नाही, हे त्यांना चढापेक्षा जड गेलं असणार.

निवृत्त झाल्यावर आप्पांनी एक काम अंगावर घेतलं. वस्तीत कुठेही मयत झालं की ते उंबऱ्याशी उभे राहायचे आणि विचारायचे, "कोन यायचं ऱ्हायलंय?" विचारून थांबायचे नाहीत, लोकांना थांबवायचे. लेक यायची असली तर कोणाचं काही चालू द्यायचे नाहीत. कोणी म्हणालं, दिवस मावळेल, तर म्हणायचे, "दिस उद्या परत उगवतोय. ह्ये मानूस न्हाई उगवायचं." भांडणं झाली, पण आप्पा हटले नाहीत. शेवटी मंडळाच्या पोरांच्या मागे लागून त्यांनी वस्तीसाठी एक गार पेटी आणवली. विहाराच्या मागच्या खोलीत ती प्लॅस्टिक घालून ठेवली होती. आप्पा स्वतः तिची धूळ पुसायचे. पोरं चेष्टा करायची, "आप्पा, पेटी तर आणली, पण उद्घाटनाला कोणी तयार होईना."

"व्हईल की कोनीतरी," आप्पा म्हणायचे. "घाई काय हाय?"

गेल्या हिवाळ्यात उद्घाटन आप्पांनीच केलं. सकाळी पायरीवर ऊन खात बसले होते ते भिंतीला टेकलेलेच राहिले. शेजारणीला वाटलं डोळा लागला.

फोन मीच लावला. काय झालं ते सांगितलं. मग सुजाता म्हणाली, "काका, थांबाल ना?"

"थांबतो," मी म्हणालो. "तू नीट ये."

वस्तीतले दोघे-तिघे जुने लोक कुरकुरले. दोन-दोन दिवस मयत ठेवायचं म्हणजे काय, गल्लीत चूल पेटत नाही. मी त्यांना विहाराच्या मागची खोली दाखवली. ही कोणी आणली ते आठवा म्हणालो. मग त्यांनीच पेटी बाहेर काढायला हात लावला.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती मुंबईला उतरली, पुण्याला लागली, वाघोली ओलांडली. दर थोड्या वेळाने फोन येत होता. आणि मग शिक्रापूरच्या अलीकडे तिची टॅक्सी जी थांबली ती थांबली. चौकात कुठलातरी ट्रेलर आडवा झाला होता. आप्पा तिला चेष्टेने सांगायचे, "जग फिरून येशील आन् शिक्रापूरला आडकशील," ते अक्षरशः खरं झालं. अर्धी पृथ्वी मागे टाकून आलेली पोरगी घरापासून तासाभराच्या अंतरावर अडकून पडली होती. इकडे ऊन वर चढत होतं. पेटी तिसऱ्या दिवशी घरघर करायला लागली होती. भन्तेजी येऊन बसले होते, लोक गल्लीभर उभे होते, आणि आधी कुरकुरलेले पुन्हा घड्याळं बघू लागले होते. मला खरंच भीती वाटली. दुसऱ्यांदा हिची गाडी सुटते की काय.

मला सलीमभाई आठवले. आप्पांच्या हाताखाली शिकलेले, आता शिक्रापूरहून रांजणगावला बस आणणारे. त्यांचा स्टॉप चौकाच्या पलीकडे, मोकळ्या बाजूला. मी फोन केला. त्यांची बस भरली होती, सुटायचीच होती.

"चालत येऊ द्या तिला," सलीमभाई म्हणाले. "आप्पाची पोरगी हाय म्हनल्यावर थांबाया नको व्हय?"

पुढचं त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांनी बसमध्ये उभं राहून सांगितलं, एक जण यायचं राहिलंय, आप्पांची लेक. शिफ्टची वेळ टळत होती, पण कोणी हूं का चूं केलं नाही. पुढच्या सीटवर बिहारचा एक वेल्डर होता. आप्पा निवृत्त झाल्यावर कामाला लागलेला, त्याने त्यांना पाहिलंही नव्हतं. तो दारात लटकून मागे बघत होता. ट्रकांच्या मधून बॅग ओढत येणारी सुजाता त्यालाच आधी दिसली. "रुकिए भैया," तो ओरडला, "आ रही है, आ रही है!"

बस रांजणगावच्या गेटवर रिकामी व्हायला हवी होती. पण जुनी दहा-बारा माणसं उतरलीच नाहीत. एक खाडा पडला तर पडू दे म्हणाली. ती बस तशीच शिरूरला आली आणि आप्पांच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. सुजाता इंजिनाच्या झाकणाशेजारच्या सीटवर होती.

ती आत गेली. आप्पांच्या उशाशी बसली, त्यांच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. रडली, पण फार मोठ्याने नाही. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. सगळ्यांनी मागून म्हटलं. फुलं वाहून झाली. आम्ही चौघे खांदा द्यायला वाकलो आणि वाकलेलेच राहिलो.

उचलायचं कसं, हे कोणाला कळेना. इतकी वर्षं उचलायच्या आधी उंबऱ्यात उभं राहून एक जण विचारायचा, आणि त्याला उत्तर मिळाल्यावर आम्ही उचलायचो. आज तो विचारणारा आमच्या हातांमध्ये होता. जुने लोक एकमेकांकडे बघत होते, सलीमभाई खाली बघत होते.

सुजाताने मान वर केली. गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं, मग मागे घराकडे, मग पुन्हा गल्लीकडे, आप्पा आरशात बघायचे तसं. कोणी पळत येत नव्हतं. मग ती त्यांच्या कानाशी वाकली आणि एडमंटनमध्ये इतकी वर्षं न बोललेल्या बोलीत हळूच म्हणाली,

"समदी आली, आप्पा. हाना."